२०२०-२१चा हंगाम मोजायचा की सोडायचा? एनसीएए बास्केटबॉलच्या ‘जादा वर्षा’चा ताळा लागत नाही

कोथरूडचा_गार्ड

नमस्कार मंडळी. अकरावी-बारावीत बास्केटबॉल खेळणाऱ्या पुण्यातल्या मुलामुलींसाठी अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलच्या पात्रता-नियमांचा एक तक्ता करतोय, फक्त एनसीएए (अमेरिकी कॉलेज खेळांची संघटना) डिव्हिजन वनचा, म्हणजे सर्वांत वरच्या गटाचा. मूळ नियम सरळ आहे: पाच वर्षांत चार हंगाम. पण २०२० नंतरची रोस्टर (संघांतल्या खेळाडूंच्या याद्या) समोर ठेवली की ताळा चुकतो.

हंटर डिकिन्सन २०२०-२१ ते २०२४-२५ असे सलग पाच हंगाम खेळला, आधी मिशिगनकडून, मग कॅन्ससकडून. आयोवाचा जॉर्डन बोहॅनन २०१६-१७ला आला आणि २०२१-२२पर्यंत खेळत होता. केटलिन क्लार्क चार हंगाम खेळून डब्ल्यूएनबीएत (महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये) गेली, तरी तिचं एक वर्ष शिल्लक होतं म्हणे.

माझ्या शंका:

१. कोविडमुळे २०२०-२१च्या खेळाडूंना मिळालेली पात्रतेची सूट नेमकी कशावर होती, हंगामांवर की वर्षांवर? २०१९-२०च्या हंगामालाही होती का?

२. पुरुषांच्या संघाला १३ स्कॉलरशिप असताना २०२१-२२मध्ये काही संघांत १४-१५ जण स्कॉलरशिपवर कसे?

३. आज पुण्यातून बारावी करून जाणाऱ्याला यातलं काही लागू पडतं का? ‘तोवर इथे एफवायला प्रवेश घेऊन ठेवू’ असं बरेच पालक म्हणतात. त्याने काही बिघडतं का?

---

नियमवाचक

ताळा चुकतो कारण एका खेळाडूच्या दोन मोजण्या चालू असतात आणि तुम्ही त्या एकाच रकान्यात धरल्या आहेत.

पहिली मोजणी हंगामांची. ते चार. बास्केटबॉलमध्ये अधिकृत सामन्यात एक सेकंद जरी मैदानात उतरलात तरी हंगाम खर्ची पडतो. फुटबॉलमध्ये चार सामने खेळूनही रेडशर्ट राहता येतं (म्हणजे तो हंगाम मोजला जात नाही), इथे ती सवलत नाही. दुसरी मोजणी घड्याळाची. कुठल्याही कॉलेजात पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून पहिल्यांदा दाखल झालात की पाच कॅलेंडर वर्षांचं घड्याळ सुरू होतं. दुखापत झाली, वर्ष सोडलं, खेळलाच नाहीत, तरी ते थांबत नाही.

डिव्हिजन वन कौन्सिलने (नियम ठरवणाऱ्या समितीने) १४ ऑक्टोबर २०२० रोजी हिवाळी खेळांसाठी जो निर्णय घेतला तो या दोन्ही मोजण्यांवर होता. २०२०-२१चा हंगाम चारांत धरायचा नाही, आणि घड्याळही एक वर्ष पुढे ढकलायचं. नुसता हंगाम माफ केला असता तर ज्यांचं एक वर्ष आधीच न खेळता गेलं होतं त्यांना काही उपयोग झाला नसता. चौथा हंगाम शिल्लक, पण तो खेळायला सहावं वर्ष नाही, अशी अवस्था झाली असती. सूट मिळण्यासाठी खेळायची अट नव्हती. सगळे सामने खेळलेला आणि घरी थांबलेला, दोघांना सारखीच.

निर्णयाची वेळ बघा. हंगाम सुरू झाला २५ नोव्हेंबरला, म्हणजे सूट आधी जाहीर झाली. ते मला योग्यच वाटतं. हंगाम कापलेला होता: नियमित सामने जास्तीत जास्त २७, आणि एनसीएए स्पर्धेसाठी विचार व्हायला किमान १३. एवढ्या अनिश्चित हंगामासाठी मुलांनी आयुष्यातला एक चतुर्थांश कॉलेज-खेळ पणाला लावावा अशी अपेक्षा करणं अन्यायाचं झालं असतं.

२०१९-२०ला मात्र काहीही सूट नाही. इथे फार जणांची गल्लत होते. १२ मार्च २०२०ला एनसीएए स्पर्धा रद्द झाल्या आणि ३० मार्चला कौन्सिलने जादा हंगाम दिला तो वसंत ऋतूतल्या खेळांना: बेसबॉल, सॉफ्टबॉल, ट्रॅक वगैरे. बास्केटबॉलचा हंगाम जवळपास पूर्ण झालाय असं धरून त्याला वगळलं. त्या वर्षीच्या सीनिअर (चौथ्या वर्षाच्या) खेळाडूंची स्पर्धा गेली आणि पात्रताही संपली.

आता तुमची नावं घेऊ.

डिकिन्सन: २०२०-२१ सूट. पुढचे चार हंगाम मोजले. संपलं.

अरमांडो बेकॉट, नॉर्थ कॅरोलिना: २०१९-२० पहिला, २०२०-२१ सूट, मग २०२१-२२, २०२२-२३, २०२३-२४. खेळलेले पाच, मोजलेले चार.

बोहॅनन: २०१६-१७, २०१७-१८, २०१८-१९ हे तीन. २०१९-२०मध्ये दहा सामन्यांनंतर खुब्याच्या शस्त्रक्रियेमुळे हंगाम संपला, तो वैद्यकीय कारणाने परत मिळाला. २०२०-२१ सूट. २०२१-२२ चौथा. घड्याळ २०१६-१७पासून पाच वर्षं म्हणजे २०२०-२१ला संपणार होतं, कोविडचं एक वर्ष मिळवलं की २०२१-२२. दोन्ही मोजण्या एकाच वर्षी संपतात. ही नोंद तक्त्यात उदाहरण म्हणून अवश्य ठेवा, हिच्यात सगळे नियम एकत्र दिसतात. वैद्यकीय सवलतीसाठी दुखापत हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात झालेली लागते आणि खेळलेले सामने ३० टक्क्यांच्या आत लागतात. टक्केवारीतला अपूर्णांक वरच्या पूर्ण आकड्याला नेतात. ३१-३२ सामन्यांच्या हंगामात दहा चालतात, अकरावा चालत नाही.

क्लार्क: २०२०-२१ सूट, त्यानंतर तीन मोजले. २०२४-२५ खेळता आलं असतं. पेज बेकर्सचंही तसंच. २०२०-२१ सूट, २०२२-२३ गुडघ्यामुळे खेळलीच नाही, म्हणून २०२४-२५ला यूकॉनबरोबर (कनेटिकट विद्यापीठ) विजेतेपद मिळवलं तेव्हाही तिचा एक हंगाम बाकी होता.

२०२०-२१ला दाखल झालेली तुकडी ही सूट मिळालेली शेवटची. त्यांचं घड्याळ २०२५-२६ला संपतं. ऑगस्ट २०२१मध्ये पहिल्यांदा कॉलेजात गेलेल्याला काहीही जादा नाही.

जाता जाता: कारकिर्दीतल्या गुणांची तुलना करणार असाल तर ‘किती हंगामांत’ हा रकाना हवाच. डेट्रॉइट मर्सीच्या अँट्वान डेव्हिसने पाच हंगामांत ३,६६४ गुण केले. पीट मॅराविचचे ३,६६७ तीन हंगामांतले आहेत, कारण त्या काळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात खेळताच येत नसे.

---

सहावा_माणूस

दुसऱ्या शंकेचं उत्तर देतो. नुकसान कुणाचं झालं ते त्यातच आहे.

तेव्हा पुरुषांना १३ आणि महिलांना १५ स्कॉलरशिपची कमाल मर्यादा होती. जे खेळाडू २०२०-२१ला सीनिअर होते आणि सूट वापरून २०२१-२२ला त्याच कॉलेजात परतले, त्यांना या मर्यादेत धरायचं नाही अशी सवलत होती. १३ अधिक परतलेले दोन म्हणजे १५. तुम्हाला दिसलेले १४-१५ ते हेच.

या सवलतीच्या तीन अटी लक्षात घ्या. एक, ती फक्त २०२१-२२पुरती. दोन, फक्त त्याच कॉलेजात. तोच सीनिअर दुसरीकडे गेला तर तिथे तो १३ मध्ये धरला जाणार. तीन, सूट पात्रतेची होती, पैशाची नाही. कॉलेजने स्कॉलरशिप द्यायलाच हवी असं कुठेही नव्हतं. कोच ‘तुला जागा नाही’ म्हणू शकत होता आणि तसं झालंही.

खरी कोंडी पुढच्या वर्षीपासून. २०२०-२१ला ज्युनिअर (तिसऱ्या वर्षाचा) असलेला खेळाडू आपलं जादा वर्ष वापरणार २०२२-२३मध्ये, सोफोमोर (दुसऱ्या वर्षाचा) २०२३-२४मध्ये, फ्रेशमन (पहिल्या वर्षाचा) २०२४-२५मध्ये. या तिन्ही वर्षी मर्यादा पुन्हा १३. कागदावर मांडा: संघातून दरवर्षी चार जण बाहेर पडत असतील आणि त्यातले दोन थांबले, तर नव्या जागा चारऐवजी दोन. साडेतीनशेहून जास्त संघांत थोड्याफार फरकाने हेच सलग चालू राहिलं. त्या वर्षांत हायस्कूलमधून बाहेर पडणाऱ्या मुलांच्या जागा २२-२३ वर्षांच्या तयार खेळाडूंनी अडवल्या. अठराव्या वर्षी अजून अंग न भरलेला, व्हिडिओवरूनच बघितलेला परदेशी मुलगा कोचच्या यादीत आणखी खाली गेला.

त्यातच बदल्यांचे नियम बदलले. आधी बास्केटबॉलमध्ये पदवी पूर्ण न करता कॉलेज बदललं तर एक वर्ष बाहेर बसावं लागे. १६ डिसेंबर २०२०ला कौन्सिलने त्या हंगामापुरती ही अट उठवली आणि एप्रिल २०२१मध्ये एकदा बदली करून लगेच खेळायची मुभा कायमच्या नियमात आणली. पुढे डिसेंबर २०२३मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या फेडरल न्यायालयाचा मनाई आदेश आला, आणि एप्रिल २०२४पासून अभ्यासाच्या अटी पूर्ण असतील तर कितीही वेळा बदली करून लगेच खेळता येतं.

लोक या गर्दीचं सगळं खापर पोर्टलवर (कॉलेज बदलू इच्छिणारे खेळाडू नाव नोंदवतात ती यादी) फोडतात. पोर्टल २०१८पासून होतं. जादा वर्ष आणि लगेच खेळायची मुभा या दोन गोष्टी सहा-सात महिन्यांच्या अंतराने आल्या, त्याने गर्दी झाली. पदवी हातात, एक हंगाम शिल्लक, बाहेर बसायची अट नाही, असा खेळाडू कोणत्याही कोचला नवख्यापेक्षा आधी हवा असतो.

आजचा आकडा: जून २०२५मध्ये मंजूर झालेल्या ‘हाऊस’ खटल्याच्या तडजोडीनंतर, ती स्वीकारलेल्या कॉलेजांत स्कॉलरशिपची मर्यादा गेली आणि रोस्टरची आली. पुरुष आणि महिला दोन्हीकडे १५ खेळाडू. यात वॉक-ऑनही (स्कॉलरशिपशिवाय संघात असलेले) धरतात. म्हणजे ‘स्कॉलरशिप नाही तर नाही, निदान संघात तरी बसू’ ही वाट अरुंद झाली आहे. तक्त्यात ‘१३/१५ स्कॉलरशिप’ आणि ‘१५ रोस्टर’ एकाच ओळीत लिहू नका. दोन्ही ठिकाणी १५ दिसतो, पण अर्थ वेगळा.

---

टेबल_स्कोअरर

नियमवाचकांच्या ‘दोघांना सारखीच’ला एक पुरवणी. एनसीएएची सूट सारखी होती, पण आयव्ही लीगने २०२०-२१चा हंगाम खेळवलाच नाही आणि तिथे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना खेळताही येत नाही. पात्रता शिल्लक, पण आपल्याच कॉलेजात ती वापरायला जागा नाही. फेब्रुवारी २०२१मध्ये लीगने तेव्हाच्या सीनिअर खेळाडूंपुरती एकदाच सवलत दिली, तीही त्या कॉलेजच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रवेश मिळाला तर. म्हणून प्रिन्स्टन, येल, हार्वर्डचे खेळाडू पदवीनंतर दुसरीकडे खेळताना दिसले तर ती चूक समजू नका.

रोस्टरची आणखी एक बाजू: सामना होण्यासाठी किती जण धडधाकट हवेत. २०२१च्या एनसीएए स्पर्धेत पाच खेळाडू उपलब्ध असले तरी संघ उतरू शकत होता. तरीही व्हीसीयूचा (व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठ) ओरेगनविरुद्धचा सामना संघात कोविडचे रुग्ण निघाल्यामुळे झालाच नाही आणि ओरेगन न खेळता पुढच्या फेरीत गेला. तक्त्यात तो ‘पराभव’ लिहू नका, ‘सामना झाला नाही’ अशीच नोंद हवी. ओमिक्रॉनच्या लाटेत बिग टेन आणि एसईसी या लीगनी किमान सात स्कॉलरशिप खेळाडू आणि एक कोच असा आकडा ठरवला. तेवढे असतील तर खेळायचं.

---

आय_ट्वेंटी

तिसरा प्रश्न. कोविडची सूट आता पुण्यातून जाणाऱ्या कुणालाही लागू नाही. पण घड्याळ लागू आहे, आणि ते अमेरिकेत उतरल्यावर सुरू होतं हा समज चुकीचा आहे.

आधी शब्द नीट करा. आपलं ‘ज्युनिअर कॉलेज’ म्हणजे अकरावी-बारावी, हे त्यांच्या लेखी हायस्कूल. त्यांचं ‘ज्युनिअर कॉलेज’ म्हणजे बारावीनंतरची दोन वर्षं, आणि तिथे घड्याळ चालू असतं. कोचला ईमेल लिहिताना ‘इयत्ता ११’, ‘इयत्ता १२’ असंच लिहा. मार्कशीटवर कॉलेजचं नाव दिसलं की मुलगा दोन वर्षं कॉलेजात होता असा घोळ होऊ शकतो. तो पहिल्याच पत्रात मिटवलेला बरा.

बारावीनंतर एफवायला पूर्णवेळ प्रवेश घेतला की घड्याळ सुरू. कॉलेज पुण्यातलं असलं तरी. वर संघातून आंतरमहाविद्यालयीन सामना खेळला तर हंगामही गेला.

एफवाय न घेता नुसतं थांबलं तर? बास्केटबॉलमध्ये हायस्कूल संपल्यानंतर एक वर्षाची मुभा असते. त्यानंतर संघटित स्पर्धा खेळत राहिलात तर अशा प्रत्येक वर्षामागे एक हंगाम कमी होतो आणि तिथे गेल्यावर एक शैक्षणिक वर्ष बसावंही लागतं. म्हणून जायचं असेल तर बारावीनंतर त्याच ऑगस्टमध्ये किंवा फार तर पुढच्या.

अभ्यासाची अट नववीपासून मोजतात: १६ कोअर (मुख्य) विषय-वर्षं आणि त्यांत किमान २.३ जीपीए (४ पैकी सरासरी). इंग्रजी ४, गणित ३, विज्ञान २, सामाजिक शास्त्र २, या पहिल्या तीनपैकी कशाचंही आणखी १, आणि उरलेली ४ भाषा वगैरे. आपल्याकडे अडचण गणिताची येते. दहावीनंतर आर्ट्स घेतलं किंवा कॉमर्सला गणित सोडलं, तर नववी-दहावीची दोनच वर्षं भरतात. बुक कीपिंग आणि एसपी कोअरमध्ये धरून चालू नका, अर्थशास्त्र सामाजिक शास्त्रात बसतं. हा निर्णय अकरावीचा फॉर्म भरतानाच घ्यावा लागतो, बारावीत लक्षात येऊन उपयोग नाही. नववी ते बारावी चार वर्षांत पूर्ण व्हायला हवी, मध्ये वर्ष गेलं तर नंतर भरून काढलेले विषय बहुतेक मोजत नाहीत.

एसएटी-एसीटीची अट कोविडमध्ये स्थगित झाली आणि जानेवारी २०२३मध्ये पात्रतेच्या नियमातून कायमची गेली. त्या काळातलं पुण्याच्या मुलांच्या पदरात पडलेलं एवढंच. कॉलेजची स्वतःची प्रवेशाची अट मात्र वेगळी, ती तपासा.

कागदपत्रं: नववी ते बारावीच्या चारही गुणपत्रिका (नववी आणि अकरावीच्या शाळा-कॉलेजकडे मागाव्या लागतात, त्या वेळीच शिक्क्यासह घेऊन ठेवा), दहावी-बारावीची बोर्डाची प्रमाणपत्रं, आणि मराठीत काही असेल तर ओळीला ओळ इंग्रजी भाषांतर, मूळ प्रतीसोबत.

तिकडे असलेल्या मुलांना कोविड-वर्ष वापरताना व्हिसात अडचण येत असे, ती आजही पदवीनंतर हंगाम शिल्लक असलेल्याला येते. एफ-१ व्हिसा अभ्यासक्रमाला बांधलेला असतो, संघाला नाही. पदवी संपली की ६० दिवसांच्या आत पुढच्या अभ्यासक्रमाचा नवा आय-२० (व्हिसासाठी कॉलेज देतं तो दाखला) किंवा सेव्हिस नोंदीचं (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) हस्तांतर सुरू करावं लागतं, आणि नवा अभ्यासक्रम पाच महिन्यांत सुरू व्हावा लागतो. एप्रिलमध्ये पोर्टलमध्ये नाव टाकायचं, मेमध्ये पदवी घ्यायची आणि ऑगस्टपर्यंत कॉलेज ठरलं नाही, तर पात्रता शिल्लक असून राहायचा हक्क संपतो.

---

कोथरूडचा_गार्ड

आय_ट्वेंटी, गणिताचा मुद्दा आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात नव्हता, मनापासून आभार. एक गणित तपासून द्याल का? मुलगा जून २०२४ला एफवायला, कॉलेजच्या संघातून खेळला, ऑगस्ट २०२५ला अमेरिकेत. त्याच्याकडे किती उरलं?

---

आय_ट्वेंटी

घड्याळ २०२४-२५ ते २०२८-२९. एक वर्ष गेलं, चार उरली. संघातून खेळला म्हणून हंगाम तीन उरले. खेळला नसता तर चार वर्षांत चार हंगाम, पण मग मधे एकही वर्ष मोकळं नाही: दुखापतीने एक हंगाम गेला तर तो खेळायला वर्षच नाही. घड्याळ वाढवून मागायला साधारणपणे आपल्या हाताबाहेरच्या कारणाने दोन हंगाम बुडालेले दाखवावे लागतात.

शिवाय तो आता पहिल्या वर्षाचा नवखा धरला जात नाही, बदली विद्यार्थी धरला जातो. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पदवीचे ४० टक्के क्रेडिट पूर्ण असावे लागतात, चौथ्याला ६०, पाचव्याला ८०. एफवायचे क्रेडिट त्या कॉलेजने किती धरले यावर सगळं अवलंबून. प्रवेश घेण्याआधी त्या कॉलेजच्या कंप्लायन्स ऑफिसकडून (नियमपालन बघणारा विभाग) दोन आकडे लेखी घ्या: उरलेले हंगाम आणि मान्य केलेले क्रेडिट. कोचचं तोंडी आश्वासन धरू नका, पात्रता ठरवणं कोचच्या हातात नसतं.

---

कोथरूडचा_गार्ड

समजलं. आता रकाने असे करतो: वर्ष, खेळला का, हंगाम मोजला का, घड्याळातलं कितवं वर्ष, कारण. २०२०-२१च्या ‘मोजला का’मध्ये सगळ्यांना शून्य.

---

नियमवाचक

शून्य नको. रेडशर्टलाही शून्यच येईल आणि मग दोन्हीतला फरक दिसणार नाही. रेडशर्टच्या वर्षी घड्याळ पुढे सरकतं, २०२०-२१मध्ये ते सरकलं नाही. तिथे ‘सूट’ लिहा आणि घड्याळाच्या रकान्यात आधीच्या वर्षाचाच आकडा पुन्हा लिहा, पहिलंच वर्ष असेल तर रेघ. बोहॅननच्या ओळीत घड्याळ १, २, ३, ४, ४, ५ असं येईल आणि हंगाम १, २, ३, ‘वैद्यकीय’, ‘सूट’, ४. तसं आलं तर तक्ता बरोबर.